पांढऱ्या पेशींचे बिल्ले



मी डॉक्टर नव्हे. माझे शिक्षण शाळेपुढे गेले नाही. पुढे जे वाचले ते युनियनच्या कचेरीत, दिवसाचे काम आटोपल्यावर वाचले. तेव्हा रक्तातील पेशींसारख्या विषयावर बोलण्याचा अधिकार या माणसाला कोणी दिला, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. त्याचे उत्तर आधी देतो.

आमच्या यंत्रमाग कामगारांपैकी ६२ वर्षांचे एक जॉबर एके सकाळी कचेरीत आले. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. हातात तपासणीचा कागद होता. तो माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "भाऊ, रक्ताचा कॅन्सर आहे म्हणतात. आणि औषध देत नाहीत. तीन महिन्यांनी या म्हणतात. गरीब बघून तर घरी धाडत नाहीत ना?"

हा संशय कामगाराच्या मनात यावा यात नवल ते काय? ज्याला आयुष्यभर "उद्या या" हेच उत्तर मिळत आले, त्याला "तीन महिन्यांनी या" हा शास्त्रीय सल्ला वाटेल तरी कसा? मी कागद वाचू लागलो. सीडी-५ आहे, सीडी-२३ आहे, एफएमसी-७ नाही, पृष्ठभागावरील इम्युनोग्लोब्युलिन फिके, प्रकार कॅपा. आणि खाली रोगाचे नाव, क्रॉनिक लिंफोसायटिक ल्यूकेमिया. मला त्यातले अक्षर कळले नाही. पण वाटाघाटीला बसण्यापूर्वी समोरचा कागद आपल्याला वाचता आला पाहिजे, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. डॉक्टरांना भेटलो. त्यांनी शांतपणे सांगितले की थांबण्याचा पैशाशी संबंध नाही. परंतु असे का, हे समजून घ्यायला मला पुष्कळ वाचावे लागले, आणि वाचता वाचता १८० वर्षांचा एक इतिहास समोर उलगडला. तोच आज आपल्यापुढे मांडतो.

या इतिहासाचा आरंभ १८४५ साली झाला. स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट नावाचा डॉक्टर होता. छपरांवर पाटीच्या दगडाच्या फरशा बसवणारा २८ वर्षांचा एक कामगार पोटात मोठी गाठ आल्याची तक्रार घेऊन आला व काही दिवसांनी मरण पावला. बेनेटने शवविच्छेदन केले तेव्हा प्लीहा अतिशय वाढलेली आणि रक्त पुवासारखे दिसले. त्याने निदान केले, रक्तात पू झाला आहे. त्याच वर्षी बर्लिनमध्ये रुडोल्फ फिर्खो या २४ वर्षांच्या डॉक्टरने ५० वर्षांच्या एका स्वयंपाकीण बाईचे रक्त तपासले. तेही पांढुरके होते. पण पू व्हायला जखम हवी, दाह हवा. येथे तसे काहीच नव्हते. हे रक्ताबाहेरून आलेले काही नसून रक्तातल्याच पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या आहेत, असे त्याने म्हटले. त्याने त्याला 'पांढरे रक्त' म्हटले आणि १८४७ साली ग्रीक शब्दांवरून 'ल्यूकेमिया' हे नाव दिले.

वैद्यकाच्या इतिहासात ल्यूकेमियाचे पहिले मानले जाणारे हे दोन रोगी म्हणजे एक छपरे घालणारा आणि एक स्वयंपाक करणारी. ही गोष्ट मला विसरता येत नाही. आणि हाच फिर्खो १८४८ साली अप्पर सायलेशियातील टायफसची साथ पाहण्यास सरकारी कामगिरीवर गेला, आणि त्या उपासमारीने गांजलेल्या प्रांताला औषधापेक्षा शिक्षण, स्वातंत्र्य आणि पोटभर अन्न यांची गरज आहे असा अहवाल देऊन परत आला. डॉक्टरने राजकारणात का पडावे, असे विचारणारांना त्याचे चरित्र वाचायला द्यावे. असो.

फिर्खोने पुढे या रोगाचे दोन प्रकार पाडले. एकात प्लीहा मुख्यतः वाढते, दुसऱ्यात गळ्यातील, काखेतील, जांघेतील गाठी वाढतात. परंतु पेशींमधला फरक त्याला नीट दाखवता येत नव्हता, कारण सूक्ष्मदर्शकाखाली त्या सगळ्या पांढुरक्या ठिपक्यांसारख्या दिसत. त्यांना रंग पाहिजे होता, आणि तो रंग कापडधंद्याने पुरवला. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या १८ वर्षांच्या मुलाने डांबरापासून जांभळा रंग तयार केला आणि त्यातून कृत्रिम रंगांचे कारखाने उभे राहिले. पाउल एर्लिख हा जर्मन विद्यार्थी तेच रंग पेशींना लावू लागला. १८७८ साली त्याने यावरच प्रबंध लिहिला. काही पेशींच्या अंगात बारीक कण असतात, त्यांपैकी काही कण आम्ल रंग घेतात तर काही अल्कली रंग घेतात. आणि काही पेशींत असे कण जवळजवळ नसतातच, गोल गाभा आणि भोवती पातळ किनार एवढेच असते. या शेवटच्या म्हणजे लिंफोसाइट. ज्या रंगाने लुगडी रंगत होती, त्याच रंगाने रक्ताची जातवारी लागली.

१९०३ साली व्हिएन्नाच्या व्हिल्हेल्म ट्युर्कने लिंफोसाइटच्या या सावकाश वाढणाऱ्या रोगाची लक्षणे नीट बांधून दिली. रोग म्हातारपणाचा, पुष्कळदा वर्षानुवर्षे चालणारा. मग क्ष-किरणांचे युग आले. गाठींवर किरण सोडले की त्या विरघळत. रोगी खूश, डॉक्टरही खूश. पण १९२४ साली अमेरिकेतील मिनो आणि आयझॅक्स या दोघांनी अनेक रोग्यांचा हिशेब मांडला आणि सांगितले की किरणांनी त्रास कमी होतो, आयुष्य वाढत नाही. हा हिशेब ध्यानात ठेवावा. शेवटी त्याचे काम पडणार आहे.

आता अडचण पाहा. रंग लावले तरी लिंफोसाइट सगळ्या सारख्याच दिसत राहिल्या. मोठ्या गिरणीच्या दारातून पाळी सुटताना एकाच रंगाचे कपडे घातलेले पाचशे लोक बाहेर पडतात. कोण वाइंडिंगचा, कोण सायझिंगचा, कोण विणाईचा, हे चेहऱ्यावरून सांगता येत नाही. छातीवर खात्याचा बिल्ला असेल तरच सांगता येते. एर्लिखच्या रंगांनी माणसे दिसली, बिल्ले दिसले नाहीत. किंबहुना लिंफोसाइटची वेगवेगळी खाती असतात हेच कोणाला ठाऊक नव्हते. ती करतात काय, हेही नीट ठाऊक नव्हते.

हे कोडे कोंबडीने सोडवले. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या विद्यापीठात कुक्कुटपालन शिकणारा ब्रूस ग्लिक नावाचा विद्यार्थी होता. पक्ष्यांच्या शेपटीजवळ एक छोटी पिशवी असते. पडुआचा शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याच्या नावाने तिला फॅब्रिशियसची पिशवी, लॅटिनमध्ये 'बर्सा', म्हणतात. तिचे काम काय, हे पाहण्यासाठी ग्लिकने पिलांची ती पिशवी कापून काढली. पिले मजेत वाढली. प्रयोग फसला असेच वाटले. पुढे टिमोथी चँग या त्याच्या सहकाऱ्याला वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवायचे होते : रोगजंतू टोचले की कोंबडीच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना धरणारी द्रव्ये, कशी तयार होतात ते. त्याने ग्लिककडून कोंबड्या मागून घेतल्या. प्रात्यक्षिक फसले, काही कोंबड्यांत प्रतिपिंडे झालीच नाहीत. चौकशी केली तेव्हा कळले की त्यांचीच पिशवी काढलेली होती. या दोघांनी आपल्या सहकाऱ्यासह निबंध लिहून 'सायन्स' या मोठ्या नियतकालिकाकडे पाठवला. तो साभार परत आला. अखेर १९५६ साली तो कुक्कुटपालनाच्या मासिकात छापला गेला आणि काही वर्षे कोणाच्या ध्यानातही आला नाही. मोठ्या दारातून नाकारलेली माणसे मागच्या दाराने आत येऊन इतिहास घडवतात, याचा हा नमुना होय.

१९६१ साली लंडनमध्ये जाक मिलर या संशोधकाने छातीतील थायमस ग्रंथी नवजात उंदरांतून काढून टाकली. त्या उंदरांत लिंफोसाइट फार थोड्या झाल्या, परक्या उंदराची त्वचा लावली तर ती त्यांनी नाकारली नाही, आणि पुष्कळसे उंदीर संसर्गाने मेले. तोवर ही ग्रंथी निरुपयोगी मानली जात होती. मग १९६५ साली मिनेसोटात कूपर, पीटरसन आणि गुड यांनी कोंबड्यांवर प्रयोग करून दाखवले की लिंफोसाइटची दोन स्वतंत्र घराणी आहेत : थायमसमध्ये तयार होणारे एक आणि बर्सामध्ये तयार होणारे दुसरे. १९६९ साली त्यांना 'टी' आणि 'बी' ही आद्याक्षरे मिळाली. टी पेशी परके ओळखतात, हुकूम देतात, काही स्वतः मारतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. माणसाला ती पिशवी नसते. आपल्या बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात.

खाती कळली, आता बिल्ले हवे होते. पेशीच्या पृष्ठभागावर प्रथिनांचे हजारो रेणू रोवलेले असतात. मी त्यांना बिल्ले म्हणतो, पण ते नुसते शोभेचे नसतात. त्यांतल्या काहींनी पेशी परक्याला पकडते, काहींनी शेजारणीशी बोलते, काहींनी हुकूम घेते. जॉबरच्या खिशातला पाना जसा त्याचे हत्यारही असतो आणि त्याची ओळखही, तसेच हे. बी पेशीच्या अंगावर तिचेच प्रतिपिंड, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, रोवलेले असते. १९७० च्या सुमारास चमकणारा रंग लावलेल्या प्रतिपिंडांनी ते दिसू लागले. टी पेशींची ओळख आणखी गमतीने झाली. मेंढीच्या तांबड्या रक्तपेशी मिसळल्या की माणसाच्या टी पेशींभोवती त्या चिकटतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली फुलासारखा आकार दिसतो. त्याला रोझेट म्हणत.

ही दोन साधने हाती येताच १९७१ व १९७२ साली मेलबर्न, पॅरिस, बोस्टन अशा ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांनी क्रॉनिक लिंफोसायटिक ल्यूकेमियाच्या रोग्यांचे रक्त तपासले. निरोगी माणसाच्या रक्तातील लिंफोसाइटमध्ये टी पेशी फार मोठ्या संख्येने आणि बी पेशी थोड्या असतात. या रोग्यांत उलटे दिसले. बहुतेकांचा रोग बी पेशींचा होता. दुसरे असे की या बी पेशींवरचे इम्युनोग्लोब्युलिन अगदी फिके होते, जणू बिल्ल्यावरची अक्षरे पुसट झालेली. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. इम्युनोग्लोब्युलिनच्या एका भागाचे दोन प्रकार असतात, कॅपा आणि लॅम्डा, आणि एका बी पेशीवर दोहोंपैकी एकच असतो. निरोगी माणसात दोन्ही प्रकारच्या पेशींची मिसळ असते. रोग्यात मात्र सगळ्या रोगट पेशींवर एकच प्रकार सापडला. लाखो पेशी एकाच पूर्वज पेशीची संतती आहेत, हे यावरून ठरले. अण्णांच्या कागदावर 'फिके' आणि 'कॅपा' हे जे दोन शब्द होते, त्यांचा अर्थ मला येथे उमगला.

१९७४ साली स्टॅथोपुलोस आणि एलियट यांनी आणखी एक खूण दिली. या रोगातील बी पेशींभोवती उंदराच्या तांबड्या पेशी रोझेट करतात. उंदराच्या रक्ताने माणसाच्या रोगाची परीक्षा! पण तिला पैसा थोडा लागे, आणि पुष्कळ ठिकाणी ती परीक्षा वापरात होती.

याच काळात दुसऱ्या बाजूने एक काम झाले, आणि ते करणारा माणूस आपल्या देशात जन्मलेला होता. जोधपूरचे कांती राय न्यूयॉर्कजवळ डॉक्टरी करीत होते. १९७५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाच्या पायऱ्या ठरवून दिल्या. फक्त लिंफोसाइट वाढलेल्या, ती शून्य पायरी; गाठी आल्या, ती पहिली; प्लीहा किंवा यकृत वाढले, ती दुसरी; हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले, ती तिसरी; प्लेटलेट एक लाखाच्या खाली गेल्या, ती चौथी. या पायऱ्या ठरवायला डॉक्टरची बोटे आणि साधी रक्ततपासणी पुरते. महागडे यंत्र लागत नाही. म्हणून त्या जगभर वापरल्या गेल्या, आणि आजही वापरल्या जातात.

त्याच १९७५ साली केंब्रिजमध्ये सेझार मिलस्टाइन आणि गेओर्ग क्योलर या दोघांनी असे तंत्र शोधले की ज्याने सगळा इतिहासच पालटला. तोवर प्रतिपिंडे हवी असली तर सशाला किंवा दुसऱ्या प्राण्याला टोचून त्याचे रक्त घ्यावे लागे. त्यात नाना प्रकारची प्रतिपिंडे मिसळलेली असत, आणि एका सशाचे दुसऱ्याशी जुळत नसे. या दोघांनी प्रतिपिंड करणारी उंदराची पेशी आणि न मरणारी कर्करोगी पेशी यांचा संकर केला. संकरित पेशी एकच एक प्रतिपिंड हवे तितके तयार करीत राहते. एकेका बिल्ल्याला नेमकी ओळखणारी एकेक किल्ली आता अखंड मिळू लागली. मिलस्टाइन मूळचा अर्जेंटिनाचा. तेथे १९६२ सालच्या लष्करी उठावानंतर संस्थेच्या संचालकाला आणि सहकाऱ्यांना काढून टाकले गेले, तेव्हा त्याने राजीनामा दिला व तो देश सोडून केंब्रिजला परतला. या शोधाचे पेटंट घेतले गेले नाही. १९८४ साली दोघांना नील्स येर्ने यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

किल्ल्या मुबलक झाल्या, तसा गोंधळही मुबलक झाला. बी पेशींचा म्हणून ठरलेल्या या रोगाच्या पेशींवर टी पेशींचा एक बिल्ला सापडला. १९७८ ते १९८० च्या दरम्यान वेगवेगळ्या गटांनी हे पाहिले. विणाई खात्याच्या माणसाच्या छातीवर सायझिंगचा बिल्ला! कोणी त्याला टी-१ म्हणे, कोणी ल्यू-१, कोणी टी-६५. तीन नावे, वस्तू एकच. प्रत्येक प्रयोगशाळेची स्वतःची किल्ली आणि स्वतःचे नाव, त्यामुळे एकाचा निष्कर्ष दुसऱ्याला ताडून पाहता येईना. ज्या कारखान्यात एकाच कामाला चार खात्यांत चार नावे आणि चार दर असतात, तेथे वाटाघाट कशी होते ते मला विचारा.

यावर उपाय झाला तो १९८२ साली पॅरिसमध्ये. लॉरांस बूमसेल आणि आलँ बर्नार यांच्या पुढाकाराने अनेक देशांतील प्रयोगशाळा एकत्र आल्या. प्रत्येकाने आपापली प्रतिपिंडे आणली. ती एकमेकांच्या प्रयोगशाळांत पारखली. ज्या एकाच रेणूला धरतात त्यांचा एक गट केला आणि गटाला एक क्रमांक दिला. 'क्लस्टर ऑफ डिफरन्शिएशन' या शब्दांवरून त्याला सीडी म्हणतात. टी-१, ल्यू-१, टी-६५ या सगळ्यांचे मिळून सीडी-५ झाले. आज हे क्रमांक ३७० च्या पुढे गेले आहेत. कोणाच्याही कंपनीचे, गावाचे वा माणसाचे नाव त्यात नाही. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासात शोधाइतकीच मोठी गोष्ट ही आहे. शास्त्रज्ञांनी आपापल्या नावाचा मोह सोडून समाईक हजेरीपत्रक केले, म्हणून पॅरिसचा कागद पुण्यात वाचता येतो.

आणि तो चुकीचा वाटणारा बिल्ला? तो चुकीचा नव्हताच. त्याच १९८२ साली कालिगारिस-कॅपिओ व त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी दाखवले की निरोगी माणसाच्या गाठींतही अशा थोड्या बी पेशी असतात ज्या हा बिल्ला वागवतात. आपण ठरवलेली खाती अपुरी होती. पेशी खोटे बोलत नव्हती.

बिल्ले वाचण्याचे यंत्र तोवर तयार होत आले होते. १९६५ साली अमेरिकेत लॉस अलामॉस येथे मॅक फुलवायलर याने थेंब थेंब शाई उडवणाऱ्या छपाईयंत्राचे तत्त्व घेऊन पेशी वेगळ्या करणारे यंत्र बांधले. लॉस अलामॉस म्हणजे जेथे अणुबाँब तयार झाला तेच ठिकाण. स्टॅनफर्ड येथे लेनर्ड हर्झेनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात चमकणारे रंग आणि लेसर आणले. या फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी पाण्याच्या बारीक धारेत एकामागून एक ओळीने जातात, जशी माणसे गेटातून जातात. लेसरचा झोत प्रत्येकीवर पडतो, आणि ज्या रंगाचे प्रतिपिंड चिकटले असेल तो रंग चमकतो. काही मिनिटांत हजारो पेशींची हजेरी लागते.

आता अण्णांच्या कागदाकडे वळू. १९९४ साली लंडनमध्ये एस्तेला मातुतेस व सहकाऱ्यांनी पाच खुणांचा एक गुणफलक केला. सीडी-५ असेल तर एक गुण. सीडी-२३ असेल तर एक. एफएमसी-७ नसेल तर एक. पृष्ठभागावरील इम्युनोग्लोब्युलिन फिके असेल तर एक. सीडी-२२ फिके किंवा नसेल तर एक. एफएमसी ही अक्षरे ऑस्ट्रेलियातील फ्लिंडर्स मेडिकल सेंटरची. तेथे ते प्रतिपिंड तयार झाले. १९९७ मध्ये शेवटच्या खुणेच्या जागी सीडी-७९बी घेतले गेले. चार वा पाच गुण पडले तर रोग बहुधा क्रॉनिक लिंफोसायटिक ल्यूकेमियाच.

कोणी म्हणेल, एवढी काटेकोर मोजणी हवीच कशाला? पांढऱ्या पेशी वाढल्या, कर्करोग आहे, औषध द्या. येथेच खरी मेख आहे. मँटल सेल लिंफोमा नावाचा दुसरा एक रोग आहे. त्याच्याही पेशी लहान, त्याही बी पेशी, त्यांच्यावरही सीडी-५. रक्तात उतरल्या तर डोळ्याला पुष्कळदा फसवतात. पण त्यांच्यावर सीडी-२३ बहुधा नसते, एफएमसी-७ असते, आणि इम्युनोग्लोब्युलिन ठळक असते. मग गुणसूत्रांच्या तपासणीने खात्री करून घेतात. हा रोग बहुतेकांत झपाट्याचा. त्यात सहसा थांबता येत नाही. म्हणजे एका रोग्याला थांब म्हणणे हा योग्य सल्ला, तर दुसऱ्याला तेच सांगणे घातक, आणि दोघांचे रक्त काचपट्टीवर सारखे दिसू शकते. थांबा म्हणण्याचा अधिकार डॉक्टरला या बिल्ल्यांनी दिला.

पण थांबल्याने नुकसान होत नाही हे तरी कशावरून? याचे उत्तर फ्रान्सने दिले. प्राथमिक अवस्थेतील १५३५ रोग्यांवर तेथे दोन चाचण्या झाल्या. एका गटाला लगेच क्लोरँब्युसिलच्या गोळ्या, दुसऱ्याला रोग वाढेपर्यंत काहीच नाही. १९९८ साली निष्कर्ष छापला गेला : लवकर औषध दिल्याने आयुष्य वाढले नाही. पहिल्या चाचणीत औषध न घेतलेल्यांपैकी ४९ टक्के रोग्यांचा रोग ११ वर्षांहून अधिक काळ पुढे सरकलाच नाही व त्यांना उपचारांची गरज पडली नाही. १९२४ सालच्या त्या हिशेबाची येथे आठवण होते. गाठ विरघळणे आणि आयुष्य वाढणे या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा वैद्यकाला दोनदा शिकावा लागला.

याचा अर्थ रोग निरुपद्रवी आहे असा मात्र घेऊ नये. काहींत तो वेगाने वाढतो. १९९९ साली न्यूयॉर्कच्या आणि इंग्लंडच्या दोन गटांनी दाखवले की रोगट पेशींतील प्रतिपिंडाच्या जनुकात बदल झालेले असतील तर रोग सहसा मंद, नसतील तर तो जोरकस. सीडी-३८ हा बिल्लाही त्या वेळी पुढे आला. आणि पेशी मरत नाहीत म्हणून नुसत्या साचतात, ही १९६० च्या दशकातील कल्पनाही पुढे दुरुस्त करावी लागली. २००५ साली रोग्यांना जड पाणी पाजून केलेल्या मोजणीत दिसले की या पेशी रोज नव्यानेही जन्मतात, काहींत दिवसाला एक टक्क्याहून अधिक.

ज्यांचा रोग वाढतो त्यांच्यासाठी हेच बिल्ले पुढे शस्त्र झाले. बी पेशींवरील सीडी-२० या खुणेला धरणारे प्रतिपिंड, रिटुक्सिमॅब, अमेरिकेत १९९७ साली लिंफोमासाठी मंजूर झाले. या ल्यूकेमियात ते इतर औषधांबरोबर दिले असता काय होते, हे ८१७ रोग्यांच्या चाचणीत पाहिले गेले. २०१० साली निकाल छापला : तीन वर्षांनी ते घेतलेल्यांपैकी ८७ टक्के जिवंत होते, न घेतलेल्यांपैकी ८३ टक्के. फरक लहान दिसतो. पण या रोगात एखाद्या उपचाराने आयुष्य वाढल्याचा तो पहिला पक्का पुरावा मानला जातो. त्याआधी २००७ सालीच हैदराबादच्या एका कंपनीने त्याचा देशी पर्याय बाजारात आणला होता. पुढे २०१४ सालापासून गोळ्यांच्या रूपाने घेता येणारी नवी औषधे या रोगासाठी आली.

तात्पर्य काय? ही ओळख कोणा एका द्रष्ट्याची देणगी नव्हे. तिच्यात रंगाचा कारखाना आहे, फसलेले प्रात्यक्षिक आहे, मेंढी, उंदीर आणि कोंबडी आहे, देश सोडलेला अर्जेंटिनाचा शास्त्रज्ञ आहे, जोधपूरचा डॉक्टर आहे, आणि औषध न घेता वर्षानुवर्षे तपासणीला येत राहिलेले शेकडो फ्रेंच म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. त्यांच्या धीरामुळेच आज अण्णांना "थांबा" असे निश्चयाने सांगता येते.

मी अण्णांना एवढे सगळे सांगितले नाही. कागदावरची एकेक ओळ बोटाने दाखवून म्हटले, "अण्णा, हे पाचही बिल्ले मंद रोगाचे आहेत. तुमची पायरी शून्य आहे. श्रीमंतालाही आज डॉक्टर हेच सांगतील. मात्र दर तीन महिन्यांनी जायचे, ते चुकवायचे नाही. गाठ वाढली, ताप राहिला, वजन घटले, तर तीन महिने थांबायचे नाही." त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि विचारले, "मग त्या दिवसाची खाडी पडेल, तिचे काय?"

या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. थांबणे हा उपचार असेल, तर तपासणीचा दिवस हा उपचाराचा दिवस होय, आणि त्याची मजुरी कापली जाता कामा नये. बिल्ले वाचणारे यंत्र आणि ते वाचणारा जाणता माणूस मोठ्या शहराबाहेरच्या रोग्यालाही गाठता आला पाहिजे. आणि "तीन महिन्यांनी या" असे सांगणाराने दहा मिनिटे बसवून का, ते सांगितले पाहिजे. नाहीतर आमचा माणूस त्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवावरून लावील, आणि तो अनुभव कसा आहे हे आपण जाणताच. शास्त्राने आपले काम पुष्कळसे केले आहे. उरलेले काम आपले आहे.